दाराबाहेरची पावलं

सातवीला रहस्यमय श्रुतिका शिकवताना मी मुलांना सांगितलं, "श्रुतिकेत भूत दाखवता येत नाही. ते नुसत्या आवाजांनी ऐकणाऱ्याच्या मनात उभं करावं लागतं." मग गृहपाठ दिला: अंगावर काटा येईल असा एक खरा आवाज टिपून आणा. त्यासाठी एक दिवस शाळेत फोन आणायची मुभाही दिली.

दुसऱ्या दिवशी कुरकुरणारी दारं आणि रडणारी मांजरं ऐकून वर्गात नुसती खसखस पिकली. शेवटच्या बाकावरच्या तिघींनी मात्र कमाल केली. आधी पोरांचा हसण्याखिदळण्याचा गलका. मग लांबून टक्, टक्, टक् अशी पावलं. ती जवळ येतात तसं एकेकाचं हसू विझत जातं. घाईघाईने काहीतरी लपवल्याची खुडबुड, मग टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता, आणि दाराची कडी वाजते. बस्स, तिथेच संपलं.

माझ्या हातावर खरोखर काटा उभा राहिला.

"शाबास गं पोरींनो, दहापैकी दहा! आता सांगा, दारात आलं कोण?"

तिघी एकमेकींना कोपराने ढोसू लागल्या.

"अगं, बोला की! मी काय खाणार आहे का तुम्हाला?"

मधलीने फोन हळूच पाठीमागे लपवला.



"तुम्हीच, बाई. आज सकाळी, हजेरी घ्यायला."