आठ-शून्यचे मार्क

"मन्सूर, नऊ."

गवतावर घोळका करून बसलेल्या पोरांनी एकच गलका केला. मन्सूरचा स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना. स्वानंद सरांनी आजवर कुणाला दहापैकी सातच्या वर मार्क दिले नव्हते. ते सातही एकदाच दिले होते, नूरैनला, आणि तेव्हा तो मोडलेल्या बोटाने मॅच संपेपर्यंत खेळला होता.

मॅच आत्ताच संपली होती. आठ-शून्य. समोरचं कॉलेज पहिल्यांदाच लीगमध्ये उतरलेलं. त्यांच्या निम्म्या पोरांच्या पायात साधे पळायचे बूट होते. हात मिळवून ती बिचारी मुकाट्याने बसमध्ये जाऊन बसली, आणि इकडे जिंकलेलीच धास्तावली. कारण हरल्यावर सर पाठीवर हात ठेवायचे. जिंकल्यावर, त्यातही असं दुबळ्याला धुतल्यावर, ते एकेकाला सोलून काढायचे. "दुबळा समोर असला की माणसाच्या सगळ्या खोडी बाहेर येतात," असं त्यांचं म्हणणं.

स्वानंद सर कोल्हापूरचे. पेठेच्या फुटबॉल टीमकडून खेळलेले. इथे कतारला, दोह्यात, दिवसभर एका बँकेत कॉम्प्युटरसमोर बसायचे आणि संध्याकाळी टाय खिशात कोंबून या कॉलेजच्या टीमला शिकवायला मैदानावर यायचे. त्याचे पैसे त्यांना कुणी देत नव्हतं. पोरांशी ते हिंदी-इंग्रजीत बोलत, पण भडकले की थेट कोल्हापुरी. "पायाला मेंदी लावलीय का रं?" याचा अर्थ सुदानच्या मन्सूरला कुणी कधी सांगितला नव्हता. आता पळायचं आहे, एवढं मात्र त्याला बरोबर कळायचं.

"नूरैन, नऊ. मुदस्सिर, तुलाही नऊ. काय क्रॉस टाकलास तो!"

मुदस्सिरचा क्रॉस थेट पार्किंगमध्ये गेला होता. पोरं खो खो हसली. सरही हसले.

"महमूद, साडेनऊ."

या वेळी हसू जरा कमी आलं. महमूदने नुसती कलाकारी करत कितीतरी वेळा बॉल घालवला होता, आणि ते सगळ्यांनी पाहिलं होतं. एरवी एवढ्यावर सरांनी त्याला मैदानाला फेऱ्या मारायला लावलं असतं.

शेवटी गोलकीपर उरला. डेरिल. वसईच्या घरातला, दोह्यातच वाढलेला. सरांशी मराठीत बोलणारा टीममधला एकटाच.

"डेरिल, दहा."

"सर, बॉल माझ्याकडे आलाच नाही. सेकंड हाफभर मी पोस्टला टेकून उभा होतो."

"ऐटीत उभा होतास," सर म्हणाले आणि त्याच्या डोक्यावर टपली मारून उभे राहिले.

आता कुणीच हसलं नाही. डेरिल सरांकडे बघत राहिला. अल हिलालमधल्या त्याच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर पुष्पावती काकू राहायच्या. पार्किंगवरून त्यांचं आणि डेरिलच्या आईचं कधी पटलं नाही. मागच्या उन्हाळ्यात एक दिवस त्या स्वतःचा मिक्सर घेऊन खाली आल्या, आईचा हात हातात धरला आणि म्हणाल्या, "जॅनेट, तुझ्यासारखी शेजारीण मिळायला भाग्य लागतं." त्याच आठवड्यात त्या कायमच्या भारतात परत गेल्या. इथून जायला निघालेल्या माणसाला अचानक सगळेच गोड वाटायला लागतात, हे डेरिलने लहानपणापासून पाहिलं होतं.

त्याने मुद्दाम मराठीतच विचारलं.

"सर, कधी निघताय?"

सरांनी जमिनीवरची पाण्याची बाटली उचलली. झाकण उघडलं, पुन्हा लावलं.

"गुरुवारी," ते म्हणाले.

मग त्यांनी सगळ्यांना समजेल असं इंग्रजीत सांगितलं. बँकेने कॉन्ट्रॅक्ट वाढवलं नाही. घरी बायकोने, ज्ञानदाने, सामान बांधायला घेतलं आहे. "मॅचच्या आधी सांगितलं असतं तर तुम्ही नीट खेळला नसता," ते म्हणाले. "आता खलास. चला, उठा. यल्ला."

कुणीच उठलं नाही. रस्त्यापलीकडच्या मशिदीत मगरिबची अजान सुरू झाली. ती संपेपर्यंत सगळे तसेच बसून राहिले. नूरैन गवत उपटत होता. महमूदने टी-शर्टमध्ये तोंड खुपसलं होतं.

अजान संपली आणि मन्सूर उभा राहिला.

"सर, मी चार गोल मारले. पण पास एकदाही दिला नाही. नूरैन मोकळा होता, मला दिसत होता."

"असू दे रे, मन्सूर."

"नाही सर. माझे मार्क कमी करा."

"माझेपण," टी-शर्टच्या आतून महमूद म्हणाला.

"मला तर शून्य पाहिजे," मुदस्सिर म्हणाला. "बॉल पार्किंगमध्ये गेला, सर. गाडीच्या काचेवर आपटता आपटता राहिला."

सरांनी तोंड फिरवलं. रिकाम्या गोलपोस्टकडे बघितलं. मग ते वळले.

"मन्सूर, चार." आवाज आधी चिरकला, मग चढला. "पोरगं मोकळं हुबं हाय आनि तू एकटाच बॉल घेऊन पळतोस व्हय रं? बापाचा बॉल हाय काय तुझ्या?"

त्यातलं एक अक्षरही मन्सूरला कळलं नाही. डेरिलनेही सांगितलं नाही.

"शुक्रन, सर. थँक यू," मन्सूर म्हणाला.