राखेचा लेप

वच्छलाबाईंनी पाणी तापवायचा तांब्याचा गुंड न्हाणीच्या दगडावर आडवा केला. अन्नपूर्णेला, त्यांच्या सुनेला, नागपूरच्या दवाखान्यात नेलं त्या सकाळी चुलीवरून उतरवलेला हा गुंड. तिची तेरवी होऊन गेली, तरी त्याचं काळं बूड घासायला कुणाचा हात धजला नव्हता.

नात दिव्यानी शेजारी उकिडवी बसली. उद्या ती हैद्राबादला, आपल्या प्रयोगशाळेत परतणार होती.

"काय करून राह्यली वं तू तिकडं इतके दिवस?"

"तांब्यावर धुरातले कण कसे बसते, ते पाहतो आजी. लय बारीक असते, भाकरीसारखे चपटे. पहिला थर तांब्यावर आडवा पडून घट्ट धरते. वरचे थर तापवले का उडून जाते. खालचा सहजी सुटत नाई."

"मंग?"

"मधात दुसरा पातळ थर दिला, तर तितके घट्ट धरत नाई."

वच्छलाबाई नाकातून हसल्या. "म्हणजे राखेचा लेप. चुलीवर चढवाच्या आधी बुडाले ओली राख फासाची. काजळी लेपावर बसते, भांड्यावर नाई. एवढ्यासाठी हैद्राबादले गेली तू? दुसरीतून शाळा सोडली तवापासून येते मले. तुह्या मायले मीच शिकवलं."

शिकवलं होतंच. बुडाला डाग दिसला की गुंड अंगणात भिरकावून शिकवलं होतं. गॅसची शेगडी चार वर्षं कोपऱ्यात जुन्या लुगड्याखाली झाकलेली होती. गॅसवरच्या वरणाला चव नसते, हेही त्यांनीच ठरवलेलं. आणि चुलीपाशी सून खोकू लागली, तेव्हा 'नखरे' म्हणणाऱ्याही त्याच.

"धनराज मले म्हणे, निमोनिया होता," त्या म्हणाल्या. "माहा पोरगा खोटं बोलला का कान खाजवते. तुह्या मायचं सांगतानी कान खाजवत होता. तू सांग. डॉक्टर काय म्हणे?"

दिव्यानीनं लोटा उचलला आणि पुन्हा खाली ठेवला.

"बोल. आजवर माह्या तोंडाले भेली, आज नोको भेऊ."

"छातीत धूर बसला होता म्हणे. अठ्ठावीस वर्षांचा."

भांड्याबद्दल विचारावं तसं वच्छलाबाईंनी विचारलं, "निंगत नाई तो?"

"नाई, आजी."

त्यांनी गुंडावर लोटाभर पाणी ओतलं. वरची काजळी वाहून गेली आणि खालच्या वाळल्या राखेत अन्नपूर्णेच्या चार बोटांच्या रेघा दिसल्या. पाहता पाहता त्याही भिजल्या, ओघळल्या. घासावं लागलंच नाही. तांबं लखलखत होतं, बाजारातून आणलं त्या दिवसासारखं.

वच्छलाबाईंनी गुंड उजेडाकडे फिरवला. पुन्हा फिरवला. कुठे एखादा डाग सापडतो का, ते शोधत राहिल्या.