खारूताई धावबाद

"ये, ये, पळ!" कप्तान ओरडली आणि अर्ध्या पिचपर्यंत पोचलीसुद्धा. खारूताई जागची हलली नाही. बॅट टेकवून ती उभीच राहिली.

"तुझ्या हाकेवर मी पळणार नाही."

कप्तान धापा टाकत मागे फिरली आणि कशीबशी वाचली. मैदानाभोवती बसलेल्या शाळकरी पोरी खिदळल्या. बायका-मुलींच्या क्रिकेट महोत्सवाचा आज शेवटचा दिवस होता, आणि पन्नाशी ओलांडलेल्यांचा सामना म्हणजे सगळ्यांना गंमत. संघ चिठ्ठ्या टाकून पाडले होते. त्या चिठ्ठ्यांनीच घोळ केला आणि या दोघींना एका बाजूला टाकलं. चौतीस वर्षांत खारूताई कप्तानशी बोलली, ते हे पहिलं वाक्य.

एके काळी दोघी एका डब्यात जेवायच्या. कॉलेजात मुलींचा संघ जमवला तो कप्ताननं. चणीनं बारीक, पायांनी चपळ म्हणून हिचं नाव 'खारूताई' ठेवलं तेही तिनंच. सगळ्यांत मिळून दोनच बॅटी होत्या, त्यातल्या एकीच्या मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलेली. पॅड घातले की खारूताई कमरेपर्यंत गडप व्हायची. पण ती खेळायला लागली की शेजारच्या मैदानावरची पोरं आपला खेळ सोडून बघत उभी राहायची.

घरच्यांच्या लेखी मात्र ती टायपिंगच्या क्लासला जात होती. वडिलांनी एकदाच बजावलं होतं, "मैदानावर दिसलीस तर कॉलेज बंद." ते बोलायचे कमी, पण बोललेलं करायचे. आई भोळी. लेकीचे सोललेले तळवे बघून मलम लावत विचारायची, "टायपिंगची मशीनं फार जड असतात का गं?" खारूताई मान वळवून हसू दाबायची.

मग अंतिम सामना आला. पिचच्या एका टोकाला कप्तान, दुसऱ्या टोकाला खारूताई. चेंडू मागे गेला, कप्ताननं हाक दिली, खारूताई सुसाट सुटली. निम्म्यात पोचल्यावर तिला दिसलं की कप्तान हललीच नव्हती. मागे वळेपर्यंत यष्ट्या उडाल्या होत्या. सामना तीन धावांनी गेला, पण तो बघायला ती थांबलीच नाही. पॅड भिरकावून मैदानाच्या मागच्या दारानं घरी गेली. आपलं नाव होतंय हे कप्तानला सहन झालं नाही, असं तिनं मनाशी ठरवलं ते कायमचंच. त्यानंतर तिनं बॅट धरली नाही. शिकली, रक्त तपासण्याच्या लॅबमध्ये लागली, तिथेच केस पिकले. कप्ताननं दोन गल्ल्या सोडून बेकरी काढली, तर खारूताई लांबच्या चौकातून पाव आणायची. आई मात्र मरेपर्यंत त्याच बेकरीत गेली. त्यावरून मायलेकींचे खटके उडायचे. "पाव तिचाच मऊ असतो," एवढंच आई म्हणायची.

आजच्या सामन्यात चार षटकं झाली आणि पाणी आलं. कप्तान पेला घेऊन खारूताईच्या बाकावर येऊन बसली. बेकरीच्या भट्टीनं तिचे हात कोपरापर्यंत काळवंडले होते.

"काकू गेल्या तेव्हा आले होते मी. तू पाहिलं नाहीस."

"पाहिलं होतं."

मग खारूताईनं विचारून टाकलं, "त्या दिवशी तू मला मुद्दाम बाद केलंस ना?"

"हो."

कप्तान 'नाही' म्हणाली असती तर काय काय ऐकवायचं, ते खारूताईनं इतकी वर्षं घोकून ठेवलं होतं. त्यातलं एकही वाक्य 'हो'ला लागू पडेना.

"तुझे वडील येत होते," कप्तान म्हणाली. "कुणीतरी चुगली केली होती. तू निघून गेलीस आणि पाच मिनिटांत ते कुंपणापाशी उभे. एकेका पोरीचा चेहरा बघितला त्यांनी. मला विचारलं, 'ती इथे आहे का?' मी म्हटलं, ती कशाला येतेय!"

"मग मला सांगायचंस."

"तुला? तू पॅडसकट त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली असतीस. कॉलेज गेलं असतं, लॅबही गेली असती."

हे खरं होतं. खारूताईनं पेला खाली ठेवला. "पण ते येताहेत हे तुला कसं कळलं? तू तर पिचवर होतीस."

"आधीची ओव्हर संपल्यावर मी ग्लव्ज बदलायला बाहेर गेले होते. कुंपणाच्या पलीकडून काकूंनी हाक मारली. त्यांनी तुझ्या वडिलांना कोपऱ्यावर वळताना बघितलं होतं. म्हणाल्या, 'तिला आत्ताच्या आत्ता बाहेर काढ, आणि मी जिवंत असेपर्यंत माझं नाव सांगू नकोस.'"

"आई? मैदानावर?" खारूताई तिच्याकडे वळली. "तिला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नव्हतं."

"मलाही तसंच वाटलं. मी गयावया केली, म्हटलं, काकू, थोडं थांबा, तिच्या पन्नासला चारच राहिल्यात. तर कुंपणाची जाळी घट्ट धरून म्हणाल्या, 'माहीत आहे गं. पहिल्या चेंडूपासून मोजतेय मी.'"