दोन बोटं जागा

स्वतः घडवलेली डिझेलची टाकी जीपखाली बसली, तेव्हा मिस्त्रींनी मिशीला पीळ दिला. “माप कशाला? आपल्या डोळ्यातच फूटपट्टी आहे.” डोंगरातल्या शर्यतीत जीप लेक चालवणार होती. तिने टाकीखालच्या एक्सलवर, म्हणजे चाकं जोडणाऱ्या दांड्यावर, चिकणमातीचा गोळा चिकटवला. “खड्ड्यात एक्सल उसळतो, बाबा. गोळा दोन बोटं जाड राहिला, तरच टाकी वाचेल.” जॅक काढला. अख्खं गॅरेज जीपमध्ये चढून नाचलं. लेकीने माती काढून दाखवली. कागदासारख्या चपट्या मातीवर टाकीच्या वेल्डिंगची रेघ उमटली होती. मिस्त्री खुलले. “काय देखणा जोड, बघ!” लेकीने ती माती आपल्या दोन बोटांशेजारी धरली. मग त्यांच्याही डोक्यात प्रकाश पडला: रेघ उमटली, म्हणजे एक्सल टाकीला भिडला. त्यांनी खिशातून खडू काढला. “फूटपट्टी आण गं. टाकी खालून दोन बोटं कापतो.” “बाबा, शर्यत परवा आहे!” “मग उद्याचा अख्खा दिवस पडलाय की!”