मोकळ्या तारेचा सूर

"मोकळ्या तारेवरचा हा सूर फारच लांबतोय, निम्मा करू," वाद्यवृंदाचा संचालक तालमीत म्हणाला. "जाणकारांना त्यात तुमच्या वडिलांचा एकटेपणा दिसतो, पण श्रोते जांभया देतील." रचना लिहिणाऱ्या दिवंगत व्हायोलिनसम्राटाची लेक आता तीच रचना व्हायोलिनवर वाजवणार होती. ती खळखळून हसली. "डोंबलाचा एकटेपणा! मोकळ्या तारेला बोट लागत नाही, डावा हात रिकामा राहतो. लहानपणी मी बाबांच्या नोटेशनची पानं उलटायला बसायचे आणि हमखास पेंगायचे. माझी वेणी ओढता यावी, म्हणून त्यांनी पानाच्या शेवटी हा सूर घातला. एक मात्राही कमी होणार नाही." संचालकाने हात टेकले. कार्यक्रमात सभागृह तो सूर श्वास रोखून ऐकत होतं. तिचा उजवा हात गज ओढत राहिला. डावा हळूच शेजारी गेला. तिथे पानं उलटायला बसलेली तिची मुलगी पेंगत होती. वेणीला हिसका बसला. पान वेळेवर उलटलं.