चहा म्हणजे चार

बरोबर चारच्या ठोक्याला आयव्हरने बेल वाजवली. दार त्याच्या मैत्रिणीच्या आईने, मिसेस टिलयार्डनी, उघडलं. केसांत रोलर, अंगावर जुना एप्रन, हातात वाटाण्याच्या शेंगांचं पातेलं.

"तू सहाला येणार होतास ना?"

चहाचं बोलावणं होतं, असं तो चाचरत म्हणाला. तेच म्हणतेय मी, असं त्या म्हणाल्या.

आयव्हरच्या डोक्यात आत्ता प्रकाश पडला. ऑस्ट्रेलियातल्या या लॉन्सेस्टनमध्ये चहा म्हणजे संध्याकाळचं जेवण, सहा वाजता, भाजलेल्या मटणासकट. इथल्या आठ महिन्यांत त्याला कुणी घरी बोलावलंच नव्हतं, मग कळणार कसं? तो इंग्लंडच्या दक्षिणेकडचा. तिकडे चहा म्हणजे चहाच, चार वाजता, सोबत केकचा तुकडा.

आणि ही समजूत त्याने संगणकालाही शिकवून ठेवली होती. संगणक तेव्हा नुकते कुठे माणसांचं ऐकायला लागले होते. आयव्हर आणि नेरिडाच्या छोट्या कंपनीत संगणकावरची डायरी तयार होत होती. तारीख, वेळ, रकाने भरत बसायचं नाही. मनात येईल तशी एक ओळ टाइप करायची, पुढचं डायरीने समजून घ्यायचं. 'गुरुवार चहा नेरिडाकडे' एवढंच आयव्हरने लिहिलं, आणि डायरीने निमूटपणे चारची वेळ टाकली. नेरिडा टिलयार्डचं कामच मुळी त्या डायरीतल्या चुका शोधायचं. साडेतीनला तो निघाला तेव्हा पडद्यावरून नजर न काढता ती म्हणाली होती, तू हो पुढे, मी आलेच.

आलेच म्हणणारीचा पत्ता नव्हता. आईचं मन मोडून मी लग्न करणार नाही, हे तिने आधीच सांगून टाकलं होतं. आणि आईने याआधी दोघांना पहिल्याच जेवणात निकालात काढलं होतं, एकाला बुटांवरून, दुसऱ्याला सुरी धरण्यावरून.

मिसेस टिलयार्डनी त्याला स्वयंपाकघरात बसवून शेंगा पुढ्यात सरकवल्या. तो सोलू लागला. रोलर काढायचे त्या विसरूनच गेल्या. आधी शेजारणीच्या कुत्र्याचा मनसोक्त उद्धार झाला. मग लेकीचा लहानपणचा हट्टीपणा. मग बटाटे चिरता चिरता, का कोण जाणे, नवऱ्याचं शेवटचं आजारपण. आयव्हर ऐकत राहिला.

सहाला नेरिडा आली.

"याला वेळकाळ कळत नाही," आई म्हणाली, "पण वाटाणे बरे सोलतो. रविवारीही येऊ दे."

जेवणानंतर भांडी पुसताना आयव्हर हळूच म्हणाला की ती चारची चूक उद्या सकाळी आधी दुरुस्त करतो, सगळ्यांच्याच नजरेतून सुटली.

"माझ्या नाही सुटली," नेरिडा म्हणाली. "मार्चमध्येच सापडली होती मला. पण सहा वाजता आई मोत्यांची माळ घालून बसते रे, आणि त्या माळेला आजवर कुणीच पसंत पडलेलं नाही."