सोमवारी कुणी गप्प होत नाही

“म्हातारी माणसं काय सुट्टी बघून आजारी पडतात?”

फिरत्या नर्सनं चार महिन्यांच्या याद्या टेबलावर आपटल्या. जिने चढून तिला धाप लागली होती. “बघा की. सगळे शनिवारी गप्प झालेले, नाहीतर रविवारी. मंगळवारी कुणी नाही, बुधवारी कुणी नाही. असं असतं का कुठं?”

टेबलापलीकडच्या बाईनं वरची यादी उचलली. आजचीच, सोमवारची. यादी तिची होती. म्हणजे फोन लावणारं मशीन वेगळं, प्रोग्राम लिहिणारा वेगळा. पण यादीत कोण असावं, कोण नसावं, कुठल्या रकान्याचा अर्थ काय, हे दहा जणांचं ऐकून ठरवायचं आणि खाली सही करायची ती हिनं. ऑफिसात सगळे तिला मालकीणबाई म्हणत. डेटाची मालकीण.

एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना रोज सकाळी नऊला मशीनचा फोन जायचा. बरं असेल तर एकचं बटण दाबायचं. जे उत्तर देत नव्हते त्यांची यादी दर सोमवारी आठला निघायची आणि नर्स त्यांच्या दारी जायची. एवढंच काम.

भिंतीवरच्या पडद्यावर, हिरव्या अक्षरांत:

आजचा प्रतिसाद ९९ टक्के

मालकीणबाईनं नियमांचं पान उघडलं. पाच महिन्यांपूर्वी तिनंच लिहिलेलं.

सलग तीन दिवस उत्तर नाही: नंबर बंद समजावा. नाव वगळावं.
कारण: नर्सची तक्रार.
सही:

सही तिला वाचावी लागली नाही.

ती बोटांवर मोजू लागली. सोमवार, मंगळवार, बुधवार. वगळलं. मंगळवार, बुधवार, गुरुवार. वगळलं. बुधवार, गुरुवार, शुक्रवार. गुरुवार, शुक्रवार, शनिवार. शुक्रवार, शनिवार, रविवार. वगळलं, यादी निघायच्या आत.

शनिवार, रविवार. दोनच दिवस, आणि सोमवारची यादी.

तिची बोटं तिथंच थांबली.

“तक्रार तुमचीच होती, सिस्टर,” ती म्हणाली. म्हणायला नको होतं. “बंद नंबरांसाठी मला जिने चढायला लावू नका, म्हणालात.”

“म्हणाले ना. गुडघे माझे दुखत होते.” नर्स खुर्चीत टेकली. “पण लिहिलं कुणी?”

शेजारच्या टेबलावरच्या प्रोग्रामरनं मान वर केली. सगळं त्याच्या कानावर पडलं होतं. “मालकीणबाई, सही तुमची म्हणून विचारतो. वगळलेले परत घेऊ?”

“घे.”

दोनशे सहा.

नावं खालून वर सरकत होती. ती वाचत नव्हती, नुसती बघत होती. एका ओळीवर तिचा हात आपोआप पुढं आला. “थांब.”

शिवणकाम करणाऱ्या आजी. साहेबांपुढं हे काम पहिल्यांदा मांडलं, तेव्हा नमुना म्हणून त्यांचाच आवाज ऐकवला होता. बरं असेल तर एक दाबा, असं मशीन म्हणायचं आणि आजी बटणाआधी त्या मशीनलाच सांगायच्या, “आहे गं बाई, आहे अजून.” सगळे पोट धरून हसले होते. तीही.

शेवटचं उत्तर: मंगळवार, वीस दिवसांपूर्वी.
स्थिती: बंद.

“ही तर मागच्या गल्लीत राहते,” नर्स उठली. धाप कुठल्या कुठं गेली होती. “मी जाते. तुम्ही फोन लावत राहा. कमी ऐकू येतं तिला, शिवणाच्या मशीनशेजारीच ठेवलाय तारेचा फोन.”

मालकीणबाईनं टेबलावरचा फोन डाव्या कानाला लावला. वाजू लागला. तुटला. पुन्हा लावला.

“लेकीकडे गेल्या असतील हो,” प्रोग्रामर म्हणाला. “माणसं जातात. उगाच जिवाला लावून घेऊ नका.”

“लेक नाही त्यांना. तोही रकाना आहे.”

त्यानं मान वळवली आणि दोनशे सहा नावं परत मोजणीत घेतली.

पडदा लाल झाला. आजचा प्रतिसाद ९३ टक्के. लगेच साहेबांचा निरोप आला: भिंतीवरच्या बोर्डाला काय झालंय? दुपारी पाहुणे येतायत, तेवढं बघा.

तिनं निरोप मिटला. मोबाईल थरथरला. नर्स होती. तो तिनं उजव्या कानाला धरला.

“पोचले. कडी आतून आहे.” मग जरा लांबून, दारावर थापा. “आजी! अहो आजी!” मग पुन्हा जवळून, “बाजूचे म्हणतात, त्यांना वाटलं ऑफिसातून रोज फोन येतो, कुणीतरी बघत असेल.”

मालकीणबाईच्या डाव्या कानात घंटी चालू होती. आणि उजव्या कानात, नर्सच्या श्वासाच्या मागं, कुठंतरी खोल, दुसरी एक घंटी. तेवढ्याच अंतरानं. जाड, जुन्या फोनची.

तिनं डावा फोन ठेवला.

उजव्या कानातली घंटी थांबली.

तिनं मग पुन्हा तोच नंबर लावला.

“मालकीणबाई,” नर्स हळूच म्हणाली, “नंबर चालू आहे हो.”